जोडकर

गवत कापायच्या यंत्रावरून मी माणूस ओळखला. इंजिन एका कंपनीचं, पातं फिरतं ती खालची पत्र्याची ताटली दुसऱ्या कंपनीची, मागची चाकं कुठल्याशा बाबागाडीची आणि ढकलायची दांडी म्हणजे सायकलचं हँडल. हँडलला घंटीसुद्धा होती. ढकलणारा गृहस्थ पंचाहत्तरी ओलांडलेला, ताडमाड, आणि चष्म्याची एक काच पातळ तर दुसरी जाडजूड. मी मुलाच्या घराच्या पायरीवर चहा पीत बसलो होतो. गृहस्थाने यंत्र बंद केलं, माझ्याकडे बघून घंटी वाजवली आणि पुन्हा कामाला लागला.

"बाबा, त्यांना यंत्राबद्दल काही विचारू नका," मुलगा आतून म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सुटका होणार नाही."

अमेरिकेतलं हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं गाव. मुलगा आणि सून दिवसभर त्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरात डोकं घालून बसलेले. मला सहा महिने काढायचे होते. ज्याची तेहतीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेली त्याने यंत्राबद्दल बोलायचं नाही, तर काय पानगळीबद्दल बोलायचं? मी कप ठेवला आणि हिरवळ ओलांडली.

त्याचं खरं नाव सांगत नाही. मनातल्या मनात मी त्याला जोडकर म्हणतो, आणि खरं तर ती एका माणसाची गोष्ट नव्हेच, ती जमात आहे. जोडकर जमातीच्या माणसाला कुठलीही वस्तू अख्खी पसंत पडत नाही. वाईट आहे असं तो म्हणत नाही; "याचं हे चांगलं, पण त्याचं ते चांगलं" असं म्हणतो आणि सुस्कारा सोडतो. आमच्या पेठेत असे एक काका होते. भेळ एका गाडीवरची घ्यायचे, तिखट चटणी पलीकडच्या गाडीवरची, आणि खायचे तिसऱ्याच्या बाकावर बसून. तिघांशीही त्यांचं भांडण होतं, आणि तिन्ही ठिकाणी खातं होतं. हार्टफर्डच्या जोडकरला भेळ ठाऊक नव्हती, एवढाच फरक.

हा मूळचा गावचा पोलीस. चार दिवसांची ओळख झाल्यावर त्याने मला तळघरात नेलं. तळघर म्हणजे आमच्या टूलरूमची धाकटी बहीण. लेथ, व्हाइस, भिंतीवर मापाने लावलेल्या कानशी, आणि डब्यांवर डबे. लेथसुद्धा एका वंशाची नव्हती. मागचं मुंडकं वेगळ्या रंगाचं होतं. कोपऱ्यात तिजोरी. तिच्यातून त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तान्हं मूल दाखवावं तसं उलगडलं.

"पिस्तूल?" मी विचारलं.

"रिव्हॉल्व्हर," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. त्याने कळ दाबून गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं, सहाही घरं मला दाखवली, स्वतः पाहिली, घरांत करंगळीचं टोक घालून पाहिलं, मग मला पुन्हा दाखवली. आपल्याकडे सोवळ्यातला माणूस पाण्याचा तांब्या इतक्या वेळा विसळत नाही. मगच ते माझ्या हातात आलं. जड होतं, आणि सुंदर होतं हे कबूल करायला हवं. काळंनिळं, तळ्यातल्या खोल पाण्यासारखं. नळीच्या वर पट्टी, पट्टीला लांबट खिडक्या, नळीच्या खाली टोकापर्यंत गेलेलं भरीव वजन.

"कुठल्या कंपनीचं?" मी विचारलं. मुलाने विचारू नका म्हणून सांगितलं होतं ते हेच असावं.

जोडकर खुर्ची ओढून बसला. "नळी कोल्टची. बाकी सगळं स्मिथ अँड वेसनचं. याला स्मोल्ट म्हणतात."

पुढचे अडीच तास तो बोलत होता. त्याचा सारांश देतो. तो काही सारांश देत नसे.

कोल्टचं घर हार्टफर्डचं. हमरस्त्यावरून जाताना निळा, कांद्याच्या आकाराचा, सोनेरी चांदण्यांचा घुमट दिसतो आणि त्याच्या शेंड्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, तो त्यांचा जुना कारखाना. स्मिथ अँड वेसनचं घर स्प्रिंगफील्डचं. एकाच कनेक्टिकट नदीवर, जेमतेम चाळीस किलोमीटर वर. म्हणजे पुणं आणि तळेगाव धरा, थोडं पुढे. आणि एवढ्याशा अंतरात दीडशे वर्षांचं वैर. कोल्टच्या कारखान्यात काम केलेल्या रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाने 1855 मध्ये आरपार भोकं पाडलेल्या चक्राचं पेटंट घेतलं, आणि ते वापरायचा हक्क मिळाला स्प्रिंगफील्डला, नगामागे पंचवीस सेंट रॉयल्टीवर. 1869 पर्यंत कोल्टने हात चोळले. व्हाइटच्याही हाती फारसं लागलं नाही. पेटंट मोडणाऱ्यांवर खटले भरायचे ते त्याने स्वखर्चाने, असं करारातच होतं. "वकील श्रीमंत झाले," जोडकर म्हणाला. हे वाक्य मी कोल्हापुरातही ऐकलंय.

मग 1955 साल उजाडलं. त्या एका वर्षात कोल्टने पायथन काढलं, 125 डॉलरला, आणि स्मिथने कॉम्बॅट मॅग्नम काढलं, ज्याला पुढे नुसता 19 नंबर मिळाला. दोन्ही एकाच जातीच्या, पॉइंट 357 मॅग्नम काडतुसाची. आणि इथून जोडकरच्या जमातीचं दुखणं सुरू झालं. कारण पायथनची नळी, जोडकरच्या शब्दांत, देवाने स्वतः लेथवर बसून केलेली. आतले पीळ आवळ, चौदा इंचांत एक फेरा. स्मिथच्या नळीला त्याच फेऱ्याला पावणेएकोणीस इंच लागतात. पण पायथनचा चाप? ओढत जावा तसा जड होत जातो, शेवटी तर विहिरीतून भरलेली कळशी ओढतोय असं वाटतं. उलट स्मिथचा चाप पहिल्यापासून शेवटपर्यंत लोण्यातून सुरी. सत्तरच्या दशकात पोलिसांच्या नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा चालत. दीडशे गोळ्या, सातपासून पन्नास यार्डांपर्यंत, पैकीच्या पैकी म्हणजे दीड हजार. तिथे बहुतेक गोळ्या घोडा आधी मागे न ओढता, चापाच्या एकाच ओढीत मारायच्या. तेव्हा चाप स्मिथचा हवा. आणि पन्नास यार्डांवरचं छिद्र चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात पडावं असं वाटत असेल तर नळी कोल्टची हवी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! लग्न लावलं."

हे काही त्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, हे त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या बिल डेव्हिससारखे नामांकित कारागीर अशी कामं करत. स्मिथवर पायथनची नळी चढली की कोणी स्मोल्ट म्हणे, कोणी स्मायथन. रुगर नावाच्या तिसऱ्या घरच्या रिव्हॉल्व्हरवर चढली की कूगर. मी घरी जाऊन कोश पाहिला, तर स्मोल्ट म्हणजे नदीतून समुद्राकडे निघालेलं सॅमन माशाचं पोर. आणि याच कनेक्टिकट नदीत ही पोरं सोडून सॅमन परत आणायचा सरकारने वर्षानुवर्षं खटाटोप केला होता. 2012 मध्ये हात टेकले. जोडकरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझी टिकली."

मीही त्याला थोडी मराठी शिकवली. स्मिथ म्हणजे लोहार आणि कोल्ट म्हणजे शिंगरू, तर लोहाराने शिंगराला नाल ठोकली की झाला स्मोल्ट. शिवाय काडतुसावर आपटणाऱ्या त्या भागाला आम्ही घोडाच म्हणतो. म्हणजे तुझ्या स्मोल्टमध्ये घोड्याच्या घरची फक्त नळी, आणि घोडा मात्र लोहाराचा. जोडकर एवढा हसला की वरून त्याच्या बायकोने दार उघडून पाहिलं. "घो-डा," असं तो पुढे आठवडाभर म्हणत होता. मुंबईच्या टोळ्यांत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात हे मात्र मी सांगितलं नाही. निवृत्त असला तरी पोलीस तो पोलीस.

सगळ्यात गमतीचा भाग त्याने शेवटी काढला. कोल्टचं चक्र उजवीकडे फिरतं, पण नळीतले पीळ गोळीला डावीकडे फिरवतात. स्मिथचं चक्र डावीकडे आणि गोळी उजवीकडे. म्हणजे दोन्ही घरांत नवरा एका दिशेला, बायको दुसऱ्या. "माझ्या स्मोल्टमध्येच," तो बोट वर करून म्हणाला, "चक्रही डावीकडे आणि गोळीही डावीकडे. सबंध अमेरिकेत एकमत झालेलं हे एकच घर." याने नेम सुधारतो का, असं मी विचारलं. "अजिबात नाही," तो म्हणाला, "पण बरं वाटतं." आणि चक्र उघडायची कळ? कोल्टवाले मागे ओढतात, स्मिथवाले पुढे ढकलतात, रुगरवाले आत दाबतात. तीन घरांचं एका कळीवर जमलं नाही आणि हे म्हणे लग्न लावणार.

मी फिटर माणूस, मला रस होता कसं बसवलं त्यात. इथे जोडकरचे डोळे वेगळेच चमकले. पायथनच्या नळीची मागची बाजू जाड, स्मिथच्या सांगाड्याचं भोक लहान. जुने आटे लेथवर काढून टाकायचे आणि नवे पाडायचे, इंचात छत्तीस. छत्तीस! वाळूच्या कणासारखे. चूक झाली तर नळी गेली. दुसरी कोल्टची नळी म्हणजे पोलिसाच्या खिशाला भार. आटे जमले की पुढचा प्रश्न. नळी पिळून घट्ट बसली तेव्हा नेम धरायची माशी बरोबर माथ्यावर उभी राहिली पाहिजे. ती साडेअकरावर थांबली तर जगातली सगळी कोल्टची नळी फुकट. मी बोटांवर हिशेब केला. छत्तीस आट्यांना एक इंच, म्हणजे एका फेऱ्याला अठ्ठावीस थाउच्या, इंचाच्या हजाराव्या भागांच्या, आत. पाव फेऱ्याला सात थाउ.

"सात," जोडकर म्हणाला. माझ्याकडे पाहण्याची त्याची नजर त्या क्षणी बदलली.

मग नळीची मागची कड घासत घासत चक्राशी सहा थाउचा गाळा ठेवायचा. कमी ठेवला तर काजळी साचून चक्र अडतं, जास्त ठेवला तर बाजूने आग फेकतं. आणि एवढ्यावरही भागत नाही. स्मिथचं चक्र पुढून नळीखालच्या एका छोट्या खुंटीने अडकून राहतं. कोल्टच्या नळीखाली ती खुंटीच नाही. एका घरात आडणा, दुसऱ्यात आडण्याला जागा नाही. म्हणून चक्राच्या बिजागरीत छऱ्याएवढी गोळी आणि स्प्रिंग बसवायची, कपाटाच्या दाराला टिचकी देऊन बसणारी असते तशी. हे त्याने 1977 च्या हिवाळ्यात केलं. किती वेळ लागला म्हणून विचारलं तर म्हणाला, "एक हिवाळा." मग जरा थांबून, "आणि एक लेथ."

"तुम्ही काय करायचात?" त्याने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"बस बांधायचो."

"कुठल्या कंपनीची?"

मी विचारात पडलो. तेहतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "सांगाडा, म्हणजे चासी आणि इंजिन, लेलँडचं. किंवा टाटाचं. वरची बॉडी, पत्रा, खिडक्या, बाकं, सगळं आमचं वर्कशॉप करायचं."

जोडकर उभा राहिला. टोपी काढली. माझा हात हातात घेऊन त्याने अशा रीतीने हलवला, जसा आमच्या व्यवस्थापकीय संचालकांनीही निरोप समारंभात हलवला नव्हता. त्या दिवसापासून तो मला मिस्टर बस म्हणू लागला. मी त्याला लाल डब्याचा फोटो दाखवला. त्याने चष्म्याच्या जाड काचेतून पाहिलं, मग मान वळवून पातळ काचेतून पाहिलं. त्या चष्म्याचंही तेच होतं: एक काच नळीवरच्या माशीसाठी, दुसरी लांबच्या निशाण्यासाठी. निशाणबाजी सुटून वीस वर्षं झाली, पण चष्मा तोच चालू आहे; वर्तमानपत्र एका डोळ्याने वाचतो आणि रस्ता दुसऱ्याने ओलांडतो.

जोडकरच्या दुःखाबद्दल सांगायला हवं, कारण सुखापेक्षा त्याबद्दल तो जास्त बोलतो. 1980 मध्ये स्मिथ अँड वेसननेच एक नवा, दणकट सांगाडा काढला आणि त्यावर नळी बसवली ती खालून टोकापर्यंत भरीव वजनाची, पायथनच्या धाटणीची. चाप लोण्याचा, नळी भारदस्त, आणि दुकानात तयार, एका खोक्यात, वॉरंटीसकट. स्पर्धेतल्या लोकांना आनंद झाला असेल. जोडकरला एकुलत्या एका मुलीने पळून जाऊन लग्न केल्यासारखं वाटलं. "त्यांनी कारखान्यात केलं," तो म्हणतो, आणि 'कारखान्यात' हा शब्द असा उच्चारतो की ऐकणाऱ्याने हात धुवावेत.

"मग तुम्ही ते घेतलंच नाही?"

"घेतलं. लगेच." त्याने तिजोरीतून तेही काढलं. सहाही घरं दाखवली, करंगळी घातली. "मूठ तेवढी बदलली. आणि माशी. आणि स्प्रिंगा."

आता काळ असा आलाय की जुन्या अस्सल पायथनला संग्राहक डोक्यावर घेतात, आणि ज्या काळी पायथनच्या नळ्या उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घातल्या गेल्या त्याबद्दल जुने शौकीन हळहळतात. जोडकर मात्र हळहळत नाही. त्याला वाटतं, ती सगळी म्हणजे कुंवार राहिलेली रिव्हॉल्व्हरं. कोल्टने पायथन बंद केलं, 2020 मध्ये पुन्हा नवं काढलं. पुढच्याच वर्षी कोल्टलाच एका चेक कंपनीने विकत घेतलं. 2023 मध्ये स्मिथ अँड वेसनची मुख्य कचेरी स्प्रिंगफील्ड सोडून टेनेसीला गेली. "दोन्हीकडच्या व्याह्यांनी दुकानं हलवली," मी म्हटलं. जोडकरने फडकं घट्ट गुंडाळलं. "पोरं माझ्याकडे सुखात आहेत."

एक खण तो दाखवत नाही. एकदा स्क्रू शोधताना तो चुकून उघडला गेला. आत स्मिथच्या उतरवलेल्या नळ्या होत्या, एक बिनानळीचा कोल्टचा सांगाडा होता, चापाच्या जुन्या स्प्रिंगा होत्या. म्हणजे लग्नात जे नाकारलं गेलं ते सगळं. "हे कशाला ठेवलंय?" मी विचारलं. तो थोडा लाजला. मग म्हणाला, याचंही एक बनवता येईल. स्मिथची नळी, कोल्टचा चाप. दोघांचं वाईट एकत्र. "चालेल का?" मी विचारलं. "चालेल," तो म्हणाला, "पण कोणाला द्यायचं?" आम्ही दोघंही बराच वेळ गंभीरपणे विचार करत होतो. त्याच्या मनात कोण आलं माहीत नाही. माझ्या मनात आमचे एक डेपो मॅनेजर आले.

त्याची बायको गोड बाई. आमच्या सौ.ला इंग्रजी फारसं येत नाही आणि तिला मराठी येत नाही, तरी दोघींचं दुपारी तासतास चालायचं. एकदा ती मला म्हणाली, "ह्याने मला अख्खी एका कंपनीची कशी घेतली, याचं मला आजही नवल वाटतं." जोडकर ऐकत होता. "तेव्हा माझ्याकडे लेथ नव्हती," तो म्हणाला.

आमचा परतीचा आठवडा आला. सौ.ने वरणभाताचा कुकर लावला होता, शिट्टी झाली आणि मागच्या दाराने जोडकर धावत आला. त्याला वाटलं पाइप फुटला. आमच्या मुलाच्या घरी दोन कुकर आहेत; एक सौ.ने पुण्याहून आणलेला हॉकिन्सचा, दुसरा सुनेने आणलेला प्रेस्टीजचा. दोन्ही ओट्यावर. एकाचं झाकण तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून अडकवायचं, दुसऱ्याचं बाहेरून बसवून फिरवायचं. जोडकरने रिकाम्या कुकरचं झाकण हातात घेतलं. मी समजावून सांगू लागलो: आतल्या झाकणाला वाफच वर दाबते, दाब वाढेल तसं ते आणखी घट्ट बसतं. बाहेरच्याला घालाय-काढायला सोपं, घाईत बरं. याचं बूड जाड, त्याची शिट्टी खणखणीत.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की जोडकर गप्प आहे. तो एक झाकण दुसऱ्या भांड्याच्या तोंडावर धरून, एक डोळा मिटून, बघत होता. त्याने सुस्कारा सोडला.

"याचं हे चांगलं," तो पुटपुटला.

सौ.ने त्याच्या हातातून झाकण काढून घेतलं. "अहो, सांगा त्यांना, डाळ शिजतीये. आणि आतलं ते आतलं, बाहेरचं ते बाहेरचं."

मी भाषांतर केलं. जोडकरने मान डोलावली, माफी मागितली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर चहा घेत असताना घंटी वाजली. गवत नव्हतं, यंत्रही बाहेर नव्हतं; नुसतं हँडल हातात घेऊन तो उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, सौ. आसपास नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात विचारलं, की एका कुकरची शिट्टी दुसऱ्याच्या नळीवर बसवायची झाली तर नळीचं बाहेरचं माप मिळेल का, दोन्हींचं.

मी खिशातून कागद काढून दिला. मापं मी रात्रीच घेऊन ठेवली होती.